डोंगर, पायदळ आणि बाँबफेकी विमाने : एक प्रस्तावना

सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा सिसिलीतून इटलीच्या मुख्य भूमीवर उतरल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस फॉज्याचे विस्तीर्ण मैदान व त्यावरील विमानतळ त्यांच्या हाती पडले, तेव्हा त्या आघाडीपुरता आकाशाच्या स्वामित्वाचा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला होता. चार इंजिनांची ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ व ‘लिबरेटर’ ही भारी विमाने, ‘मिचेल’ व ‘मरॉडर’ ही मध्यम बाँबफेकी विमाने, आणि त्यांच्या जोडीला जमिनीलगत येऊन मारा करणारी ‘किटीहॉक’, ‘थंडरबोल्ट’ आणि ‘स्पिटफायर’ असा सरंजाम दोस्तांच्या सेनापतींपाशी होता. उलट जर्मन विमानदलाचे दर्शन दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले होते. असे असूनही रोम शहरी पोहोचण्यास या फौजांना नऊ महिने लागले आणि मोहीम संपून शत्रूने शस्त्रे खाली ठेवली ती थेट मे १९४५ मध्ये. एवढे विमानबळ पाठीशी असता पायदळाला इतका काळ आणि इतके रक्त का वेचावे लागले, हा प्रश्न प्रस्तुत ग्रंथाच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर शोधताना मराठी वाचकाने परक्या देशाची हकिकत म्हणून अलिप्त राहण्याचे कारण नाही. कारण ज्या पायदळाने ती किंमत मोजली त्यात मराठा पलटणींचाही वाटा होता.

इटलीचा नकाशा समोर घेतला की निम्मे उत्तर तेथेच मिळते. अपेनाइन पर्वताची रांग देशाच्या मधोमध दक्षिणोत्तर पसरलेली असून तिचे फाटे दोन्ही बाजूंच्या समुद्रांकडे उतरले आहेत, आणि त्या फाट्यांच्या बेचक्यांतून वाहणाऱ्या नद्या उत्तरेकडे निघालेल्या सैन्याची वाट पुनःपुन्हा आडव्या छेदतात. एक नदी ओलांडावी तो डोंगर, आणि डोंगर चढावा तो पुढची नदी. सह्याद्रीतील घाटवाटा आणि त्यांच्या माथ्यावर पहारा देणारे किल्ले ज्याने पाहिले आहेत, त्याला वर बसलेले मूठभर लोक खालची मोठी फौज कशी खोळंबवून ठेवू शकतात हे समजावून सांगावे लागत नाही. जर्मन सेनापती केसेलरिंग याने रोमच्या दक्षिणेला ‘गुस्टाव्ह लाइन’ नावाची जी संरक्षणफळी उभारली, ती या भूगोलाचाच उपयोग करून. नेपल्सहून रोमला जाणारा सहा नंबरचा हमरस्ता लिरी नदीच्या खोऱ्यात शिरतो त्या तोंडाशी कासिनो हे गाव होते. गावाच्या मागे सुमारे १७०० फूट उंचीचा डोंगर, आणि त्या डोंगराच्या माथ्यावर संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात स्थापिलेला मठ. मठाच्या गवाक्षांतून साऱ्या खोऱ्यातील हालचाल दिसे, आणि खोऱ्यातील प्रत्येक शिपायाची नजर वर गेली की त्याला तो मठ दिसे.

अशा मुलखात बाँबफेकी विमान काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याचा थोडा खुलासा येथे केला पाहिजे. पंधरा-वीस हजार फुटांवरून जाणाऱ्या वैमानिकाला एक डोंगरसोंड दुसरीसारखीच दिसते. हिवाळ्यात तर पर्वतशिखरे ढगांत बुडालेली असल्याने दिवसचे दिवस काहीच दिसत नाही. खडकात कोरलेल्या खंदकावर आणि शिखराच्या पलीकडल्या उतारावर दडलेल्या मोर्चावर बाँबचा आघात पोहोचत नाही, कारण मधला दगडच तो झेलतो. आणि या सर्वांहून मोठी अडचण अशी की डोंगरी लढाईत दोन्ही बाजूंचे शिपाई एकमेकांच्या इतके निकट येतात की शत्रूवर टाकलेला बाँब आपल्या माणसांवर पडणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. यासाठी नकाशावर एक रेषा आखून तिच्या अलीकडे बाँब टाकू नये असा दंडक असे. परंतु रेषा जितकी पुढे सरकवावी तितका जवळचा शत्रू सुरक्षित राहतो, आणि जितकी मागे घ्यावी तितके आपले पायदळ धोक्यात येते. या पेचातून वाट काढण्याची विद्या इटलीत ज्या टप्प्यांनी हस्तगत झाली, त्यांचा हा इतिहास आहे.

पहिला टप्पा फेब्रुवारी १९४४ चा, आणि त्यातील प्रमुख पात्र म्हणजे आपली ‘चौथी इंडियन डिव्हिजन’. अमेरिकन सैन्याने आठवडेच्या आठवडे झुंजून जे डोंगर जिंकले होते त्यांचा ताबा या डिव्हिजनने घेतला, तेव्हा तिचा सेनापती जनरल फ्रान्सिस टकर हा आजाराने अंथरुणास खिळण्याच्या बेतात होता. मठाची इत्यंभूत माहिती वरिष्ठांच्या दप्तरात कोणापाशी नाही हे पाहून त्याने स्वतः नेपल्स गाठले, तेथील पुस्तकांची दुकाने धुंडाळली आणि १८७९ मध्ये छापलेला एक ग्रंथ मिळवला, ज्यात त्या वास्तूच्या रचनेचे वर्णन होते. पायथ्याशी दहा फूट जाडीच्या भिंती आणि आत शिरण्यास एकच दरवाजा हे त्यातून कळल्यावर त्याने लेखी कळवले की सुरुंग लावणाऱ्या सैनिकांच्या आवाक्यातील हे काम नव्हे. एक तर अत्यंत भारी बाँब टाकून ही वास्तू निकामी करावी, नाही तर हा डोंगरच टाळून बाजूच्या पर्वतांतून शत्रूच्या पिछाडीस जावे. माझ्या मते त्या मोहिमेतील सर्वात शहाणा सल्ला तो हाच होता. दुर्दैवाने त्याचे पहिले अर्धे वरच्यांनी उचलले, तेही अर्धवट, आणि दुसरे अर्धे बाजूस ठेवले. टकर आजारी पडून मागे गेला आणि डिव्हिजनची धुरा ब्रिगेडियर डिमोलीन याच्यावर आली.

मग १५ फेब्रुवारी १९४४ ची सकाळ उजाडली. आदल्या दिवशी मठात आश्रय घेतलेल्या लोकांना इशारा देणारी पत्रके टाकण्यात आली होती. १४२ ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ आणि त्यांच्यामागून ८७ मध्यम बाँबफेकी विमाने मठावरून गेली. दुपारपर्यंत चौदाशे वर्षांच्या परंपरेची ती वास्तू दगडमातीचा ढीग होऊन पडली आणि तिच्या तळघरांत जीव मुठीत धरून बसलेले दोनशेहून अधिक निरपराध नागरिक मारले गेले. मठात त्या वेळी जर्मन शिपायांचे ठाणे नव्हते हे आता सर्वमान्य झाले आहे. वृद्ध मठाधिपती दियामारे हा वाचलेल्या लोकांना घेऊन दोन दिवसांनी डोंगर उतरून गेला. तेथील अमोल ग्रंथसंग्रह आणि चित्रे दोन जर्मन अधिकाऱ्यांच्या दूरदृष्टीने आधीच रोमला हलवली गेली होती, म्हणून ती तरी राहिली.

या विध्वंसाच्या नैतिक बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पायदळासाठी म्हणून तो केला त्या पायदळाचे त्या दिवशी काय झाले, याची चौकशी त्या मानाने फार थोड्यांनी केली. हवामान त्या दिवशी चांगले राहील आणि पुढे विमाने ॲन्झिओच्या किनाऱ्यावरील दोस्तांच्या दुसऱ्या आघाडीवर लागतील, या हिशेबाने विमानदलाने दिवस अलीकडे ओढला होता, आणि पत्रकांतून मठातील रहिवाशांना जी वर्दी आदल्या दिवशी मिळाली ती पुढच्या फळीतील आपल्या कंपन्यांना काही मिनिटेच आधी मिळाली. मठापासून हजारभर यार्डांवर ‘५९३’ या आकड्याने नकाशात नोंदलेले एक शिखर होते, आणि ते अमेरिकनांनी जिंकलेले आहे अशी समजूत असता प्रत्यक्षात जर्मनांच्याच हाती होते. आपले मोर्चे त्यापासून अवघ्या सत्तर यार्डांवर. एवढ्या जवळच्या जागेवर बाँब टाकणे शक्यच नव्हते, म्हणून जे शिखर जिंकल्याविना मठाकडे पाऊल टाकता येत नव्हते ते सुरक्षित राहिले आणि ज्यावर शत्रू नव्हता तो मठ कोसळला. त्या रात्री रॉयल ससेक्स पलटणीची एक कंपनी ५९३ वर चालून गेली. गेलेल्या ६६ जणांपैकी ३४ मृत वा जखमी झाले. सबंध डिव्हिजनचा जोडून केलेला हल्ला झाला तो १७ तारखेच्या रात्री, म्हणजे बाँबवर्षावानंतर दोन दिवसांनी. राजपुताना रायफल्सचे शिपाई ५९३ च्या उतारावर पडले. गुरख्यांची एक पलटण मठाच्या दिशेने चढत असता काटेरी झुडुपांच्या दाट पट्ट्यात शिरली आणि त्या झुडुपांत तारा व सुरुंग पेरलेले निघाले. मधल्या अवधीत जर्मन छत्रीधारी सैनिकांनी मठाच्या अवशेषांत ठाण मांडले होते, आणि उभ्या इमारतीपेक्षा पडक्या दगडांत लपणे त्यांना अधिक सोयीचे गेले.

महिन्याभराने, १५ मार्च रोजी, तीच चूक अधिक मोठ्या प्रमाणावर झाली. या वेळी लक्ष्य होते ते डोंगराखालचे कासिनो गाव. सकाळी साडेआठपासून दुपारपर्यंत विमानांच्या तुकड्यांमागून तुकड्या आल्या आणि सुमारे एक हजार टन दारूगोळा त्या लहानशा वस्तीवर ओतला गेला. काही वैमानिकांची दिशा चुकून बाँब मैलोगणती मागे असलेल्या व्हेनाफ्रो गावावर व दोस्तांच्याच सैनिकांवर पडले. त्यानंतर तोफखान्याने तोंड उघडले. इतके झाल्यावर गावात जिवंत कोणी उरले नसेल अशा भरवशावर न्यूझीलंडचे पायदळ व रणगाडे पुढे सरकले, तो छत्रीधारी जर्मन तळघरांतून आणि गुहांतून वर आले आणि त्यांनी ढिगाऱ्यांतून गोळीबार सुरू केला. रणगाड्यांची तर गतीच खुंटली, कारण बाँबांनी पडलेल्या खड्ड्यांतून वाट राहिली नव्हती. संध्याकाळी पाऊस आला आणि खड्ड्यांची तळी झाली. विमानांनी शत्रूला इजा केली खरी, पण आपल्या माणसांच्या वाटेत त्यांनी स्वतःच एक नवा अडथळा उभा केला.

याच हल्ल्यात नवव्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या पलटणीने मठाच्या कुशीतील ‘हँगमन्स हिल’ हे टेकाड रातोरात गाठले आणि नऊ दिवस ते धरून ठेवले. खालून रसद पोहोचवण्याची वाट गोळीबाराखाली असल्याने विमानांतून छत्र्यांनी अन्न, पाणी आणि काडतुसे टाकण्यात आली. पुष्कळशा छत्र्या उतारावरून घसरत शत्रूच्या बाजूस गेल्या. अखेर २४ मार्चच्या रात्री त्यांना मागे बोलावण्यात आले. बाँब टाकणारी शेकडो विमाने ज्या डोंगराचे काही करू शकली नव्हती, त्याच डोंगरावर त्या पलटणीला नऊ दिवस तगवले ते छत्री लावून टाकलेल्या शिध्याच्या पेट्यांनी. मदत या शब्दाचा खरा अर्थ तेथील शिपायाला त्या पेट्यांत दिसला असणार.

यानंतर विमानदलाने आपले बळ दुसरीकडे वळवले. मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत ‘स्ट्रँगल’ या नावाने जी मोहीम चालली, तिचा उद्देश जर्मनांची रसद तोडून त्यांना लढाईवाचूनच मागे हटण्यास भाग पाडणे हा होता. रेल्वेचे पूल, बोगदे आणि स्थानके यांवर सुमारे २६,००० टन बाँब पडले. जर्मनांनी रात्री मोटारींनी, किनाऱ्यालगत लहान बोटींनी आणि बैलगाड्यांनीसुद्धा माल पोहोचवत कसेबसे निभावले, आणि केवळ या मोहिमेमुळे ते मागे हटले नाहीत. परंतु ११ मे १९४४ च्या रात्री अकरा वाजता दोस्तांच्या सोळाशे तोफा एकदम सुरू झाल्या आणि आठव्या इंडियन डिव्हिजनसह सारे पायदळ नदी ओलांडून पुढे आले, तेव्हा त्या तुटलेल्या पुलांचे मोल कळले. कारण बसून राहिलेल्या सैन्याला थोडक्यात भागवता येते, पण रोज लढणाऱ्या आणि रोज जागा बदलणाऱ्या सैन्याला दारूगोळा व कुमक वेळेवर हवी असते, आणि ती आता येईना. १८ मे रोजी सकाळी पोलिश सैनिक मठाच्या अवशेषांत शिरले. विमानांनी एकट्याने केलेले काम अपुरे राहिले होते, आणि तेच काम पायदळाच्या रेट्याशी जुळताच फलद्रूप झाले.

या दरम्यान मोठ्या बाँबवर्षावांच्या गाजावाज्यात न आलेली एक व्यवस्था आकार घेत होती, आणि मला या ग्रंथातील सर्वात मोलाचा भाग तिच्या वर्णनाचा वाटतो. आघाडीवरील एखाद्या टेकडीवर बिनतारी यंत्राची गाडी उभी राही. तिच्यात विमानदलाचा एक अनुभवी वैमानिक आणि सेनेचा एक अधिकारी शेजारी शेजारी बसत. डोक्यावर चार-सहा लढाऊ बाँबफेकी विमानांची तुकडी घिरट्या घालीत हुकुमाची वाट पाहत असे. वरच्या वैमानिकाच्या गुडघ्यावर आणि खालच्या अधिकाऱ्याच्या हातात एकाच प्रदेशाचे एकच छायाचित्र, त्यावर आखलेल्या चौकोनांना सारखेच क्रमांक. खालून पायदळाची मागणी आली की गाडीतील वैमानिक वरच्या वैमानिकाला त्याच्याच भाषेत सांगे : अमुक चौकोन, लाल छपराचे घर, त्याच्या डाव्या हातास सरूची रांग, रांगेच्या टोकाशी तोफ. घर दिसल्याचे उत्तर आले म्हणजे मग बाँब. या फिरत्या ठाण्यांना ‘रोव्हर’ आणि घिरट्या घालणाऱ्या तुकड्यांना ‘कॅब रँक’ म्हणत. आफ्रिकेच्या वाळवंटात या पद्धतीची बीजे पेरली गेली होती, पण ती परिपक्व झाली इटलीच्या डोंगरांत. सेनापतींनी नकाशावर आखलेल्या रेषेने जे साधले नव्हते ते या दोन माणसांच्या शेजारी बसण्याने साधले, याचे कारण उघड आहे : शिपाई कोठे आहे हे आता त्याला प्रत्यक्ष पाहणारा माणूस सांगत होता.

तरीही डोंगरातील लढाईचा शेवटचा टप्पा माणसाने माणसाशी करावयाचा असतो, आणि तेथे आकाशातून कोणी हात देऊ शकत नाही. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे हे आपली तुकडी घेऊन पुढे गेले असता अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्यावाचून सारे जण मृत वा घायाळ झाले. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, माणगाव तालुक्याचा हा तरुण एकटाच त्या ठाण्यावर धावून गेला; हातबाँब टाकून त्याने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने आणखी एकाला लोळवले, आणि गोळ्या संपल्यावर नवी भरण्यास वेळ नाही असे पाहून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांचा निकाल लावला. लगेच लपलेल्या बंदूकबाजांच्या गोळ्या लागून त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ त्यांना मिळाला, आणि कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

कासिनोत जे शिकले गेले त्याची कसोटी लागली ९ एप्रिल १९४५ रोजी, अपेनाइन उतरून गेल्यावर, सेनिओ नदीवर. नदीच्या दोन्ही तीरांवर पूर अडवण्यासाठी घातलेले वीस फुटांहून उंच मातीचे बांध होते, आणि जर्मनांनी ते पोखरून आत राहण्याच्या जागा आणि गोळीबाराची भोके केली होती. या वेळी आठशेहून अधिक भारी विमाने आली, परंतु त्यांनी जमीन उकरणारे मोठे बाँब आणले नव्हते. वीस पौंडी, तुकडे होऊन पसरणारे लहान बाँब आणले होते, जेणेकरून शत्रूचे शिपाई व तोफा सापडाव्यात पण आपल्या रणगाड्यांच्या वाटेत खड्डे पडू नयेत. वैमानिकांना हद्द कळावी म्हणून जमिनीवर खुणा मांडल्या होत्या आणि विमानविरोधी तोफांनी आकाशात स्फोटांची रांग धरली होती. त्यानंतर तोफखाना आणि लढाऊ विमाने यांनी आलटून पालटून मारा केला, मध्ये मध्ये थांबून, म्हणजे शत्रूला प्रत्येक वेळी वाटावे की आता पायदळ येणार. आणि शेवटच्या फेरीत विमाने बाँब न टाकताच बांधावर झेपावली, व शत्रू मान खाली घालून बसला असता पायदळ खरोखरच निघाले. एवढ्या काटेकोर तजविजीतही पोलिश सैन्यावर दोस्तांचेच बाँब पडून माणसे दगावली, हे विसरता येत नाही.

आणि एवढे सारे होऊनही बांधाच्या आतल्या अंगास तीन मशीनगन जिवंत राहिल्याच होत्या. पहिल्या मराठा पलटणीची एक कंपनी नदीत उतरली तेव्हा त्यांनी तिच्या सेनानायकाला व आणखी दोघांना जखमी केले आणि त्यांच्याभोवतीच्या बाकीच्यांना ठार केले; उभा राहिला तो केवळ निरोप्या म्हणून सोबत असलेला शिपाई नामदेव जाधव. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील या शिपायाने एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या चढणीवरून सुरक्षित जागी नेले. परत येऊन दुसऱ्याला नेले. मग एकट्याने पहिल्या ठाण्यावर हल्ला केला, हात जायबंदी झाल्यावर बंदूक टाकून हातबाँबांनी उरलेली दोन ठाणी उद्ध्वस्त केली, आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढे येण्याची खूण केली. त्यांनाही ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला, आणि सुदैवाने तो छातीवर लावण्यास ते हयात होते.

विमानदलाच्या कर्तबगारीला उणेपणा आणावा असा या विवेचनाचा हेतू नाही. सेनिओच्या काठी विमाने नसती तर तीनऐवजी तीसही मशीनगन उरल्या असत्या, आणि मग एका नामदेवाने भागले नसते. परंतु पायदळाला आकाशातून मिळणाऱ्या साहाय्याचे माप बाँबांच्या टनांत करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाँब पडल्यापासून शिपाई तेथे पोहोचेपर्यंत किती मिनिटे गेली आणि शिपाई कोठे आहे हे वैमानिकाला किती अचूक ठाऊक होते, हेच त्याचे माप. कासिनोत ही मिनिटे दोन दिवसांची झाली होती. तेथून सेनिओपर्यंतच्या चौदा महिन्यांत विमानदल जे शिकले त्याचे शुल्क भारतीय, न्यूझीलंडच्या, पोलिश, ब्रिटिश आणि अमेरिकन पायदळाने भरले. इटलीच्या भूमीवर पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले.

एक विनंती करून ही प्रस्तावना पुरी करतो. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक घरांत इटलीला जाऊन आलेल्या वा तेथेच राहिलेल्या माणसांची पत्रे, पलटणीचे दाखले, छायाचित्रे आणि पदके ट्रंकांच्या तळाशी पडून असतील. सेनापतींच्या आठवणी छापून निघाल्या आहेत, विमानदलांचे अहवाल सरकारी दप्तरांत सुरक्षित आहेत. डोक्यावरून विमाने गेली तेव्हा खालच्या शिपायाला काय दिसले याची साक्ष मात्र या कागदांतच मिळेल. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. घरातील जाणत्या माणसाला विचारून त्यावर नाव, गाव, पलटण आणि साल लिहून ठेवावे, आणि जवळच्या एखाद्या इतिहास संशोधन मंडळाकडे किंवा ग्रंथालयाकडे त्याची एक प्रत अवश्य द्यावी.